माळढोकाला फेटा, कोतवालाला काठी आणि गावाच्या रिकाम्या भिंती

उत्तर सोलापूर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची लेक पुण्यात डिझाईनचं शिक्षण घेते. शेवटच्या वर्षी तिथं एक मोठं काम करून दाखवावं लागतं. बरोबरच्या मुलांनी मोबाईलची ॲपं केली, बिस्किटांच्या पुड्यांची वेष्टनं केली. या मुलीनं आपला जिल्हा काढला. बारा चित्रं आहेत, एकेक कॅलेंडरच्या कागदाएवढं. मागच्या महिन्यात ती गावच्या शाळेत दोन दिवस मांडली होती. ज्यांनी पाहिली नाहीत त्यांना आधी चित्रं सांगतो, मग माझं म्हणणं.

पहिल्या चित्रात नान्नजच्या माळावर माळढोक उभा आहे. डोक्याला फेटा, नाकावर चष्मा आणि हातात सातबारा. मान ताणून तो आपलं नाव कुठल्या रकान्यात आहे ते शोधतोय. दुसऱ्यात उजनीच्या पाण्यात रोहित पक्ष्यांची रांग लागलीय, प्रत्येकाच्या गळ्यात टाळ, जणू दिंडीच पंढरपूरला निघालीय. तिसऱ्यात सिद्धेश्वर तळ्याच्या पायरीवर एक खोकड संक्रांतीच्या थंडीत सोलापुरी चादर लपेटून गड्ड्याची गर्दी बघत बसलंय. भुईकोट किल्ल्याच्या बुरुजावर लांडगा हनुवटीला हात लावून बसलाय. बार्शी लाईटच्या छोट्या गाडीला टिटवी शिटी मारतेय. काळविटाचं जोडपं एसटीच्या खिडकीत बसून हुरडा खातंय.

आणि सगळ्यांत जास्त हशा पिकला तो एका काळ्या पक्ष्याच्या चित्राला. आपण त्याला कोतवाल म्हणतो. मुलीनं त्याला खरोखरचा कोतवाल केलाय. हातात काठी, कमरेला पट्टा, आणि हरभऱ्यातल्या पक्षीथांब्यावर बसून तो घाटेअळीला नोटीस बजावतोय. आमच्या सज्जाचे कोतवाल स्वतः ते चित्र बघून पोट धरून हसले.

हे झालं कौतुक. पण चित्रं बघून बाहेर पडताना पारावर जी बोलणी झाली, त्यासाठी हा लेख आहे. एक जण म्हणाला, "चित्रं काढून पोट भरतंय व्हय?" दुसरा म्हणाला, "हरणं आमचा हरभरा खातेत आन् ही त्यांचा सोहळा करतीय." शाळेची आणि बाजारकट्ट्याची भिंत या चित्रांनी रंगवावी, अशी सूचना पुढं आली, तेव्हा एका जाणत्या माणसानं हळूच सांगितलं, "नको बाबा. जनावरं दाखवली की परत अभयारण्याची मोजणी लागंल." तिन्ही बोलणी वेडगळ नाहीत. म्हणून तिन्हींचं उत्तर द्यायला पाहिजे. शेवटचं सगळ्यांत जड आहे, ते आधी घेतो.

भीती कुठून आली

नव्या पोरांना ठाऊक नसेल म्हणून सांगतो. १९७० च्या दशकात सोलापूरचे पक्षिमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळावरचे माळढोक लोकांच्या नजरेला आणून दिले. १९७९ साली अभयारण्य जाहीर झालं. कागदावर त्याचं क्षेत्र किती? सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर! त्यात सोलापूर आणि शेजारच्या तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली गावंच्या गावं, उभी पिकं, बाजारपेठा सगळं आलं. पक्षी राहायचा थोड्या माळावर आणि नियम लागले अख्ख्या तालुक्यांना. जमिनीचे व्यवहार अडले. मुलीच्या लग्नासाठी एकर विकायला गेलेला माणूस कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहिला. पुढं सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण गेलं आणि २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं. म्हणजे तीन दशकं एक पिढी त्या कागदाखाली दबून राहिली. त्या पिढीच्या माणसानं "नको बाबा" म्हटलं तर त्याला अडाणी म्हणू नका.

आणि एवढं करून पक्षी वाचला का? नाही. एकेकाळी थव्यानं दिसणारा माळढोक आपल्याकडं अलीकडच्या वर्षांत एखाद-दुसराच दिसल्याच्या नोंदी आहेत. २०११ पासून तो जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांच्या यादीत आहे. देशात दीडशेच्या आतबाहेर उरलेत, तेही बहुतेक राजस्थानात. मादी साधारण एका वेळी एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. अंगानं जड, समोरचं नीट दिसत नाही, म्हणून विजेच्या तारांना धडकून मरतो. माळ नांगरला गेला, उरलेल्यावर तारा आल्या. कागदावरच्या हजारो चौरस किलोमीटरनं यातलं काही थांबलं नाही. शेतकऱ्याला बाजूला ठेवून आखलेली रेघ शेतकऱ्यालाही जाचली आणि पाखराच्याही उपयोगी पडली नाही, हा यातला धडा.

म्हणून मुलीचं ते सातबारा वाचणारं माळढोक मला नुसतं गमतीचं वाटत नाही. ज्या कागदानं माणूस आणि पाखरू एकमेकांचे वैरी झाले, तोच कागद तिनं पाखराच्या हातात दिलाय. हसता हसता गावाला जुनी गोष्ट बोलता आली. शाळेत त्या चित्रापुढं म्हातारी माणसं जेवढा वेळ उभी राहिली, तेवढी कुठल्याच चित्रापुढं राहिली नाहीत.

आता भीतीचं उत्तर. भिंतीवर चित्र काढल्यानं अधिसूचना निघत नाही. खोकड रानात आहे हे वनखात्याला आपल्या भिंतीवरून कळायचं आहे असं थोडंच आहे? उलट गावानं आपलं आपण लिहून ठेवलं नाही, तर दुसरा येऊन लिहितो. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याप्रमाणं प्रत्येक ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिनं लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली, दंडाची तंबी दिली, तेव्हा राज्याराज्यांत या वह्या घाईनं भरल्या गेल्या. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी मंडळी, आपापल्या दप्तरातली वही एकदा उघडून बघा. त्यात तुमच्या गावचं काय आहे आणि शेजारच्या गावच्या वहीतून उतरलेलं काय आहे, हे तुमचं तुम्हालाच कळेल. ही मुलगी मेंढपाळांबरोबर माळावर हिंडून कुठलं पाखरू कुठं बसतं, त्याला आपल्याकडं काय म्हणतात हे टिपून आलीय. चित्राखाली तिनं तीच गावठी नावं लिहिलीत. वहीचं अर्धं काम तिनं केलंय म्हणा ना.

पोट भरतंय का?

आता दुसरं बोलणं. चित्रानं पोट भरत नाही, कबूल. पण चित्रानं जे डोक्यात बसतं ते छापील सूचनेनं बसत नाही. हे मी विस्ताराच्या कामाच्या अनुभवानं सांगतो. हरभऱ्यात हेक्टरी ५० पक्षीथांबे लावा, कोतवाल, साळुंक्या त्यावर बसून घाटेअळी टिपतात, फवारणी वाचते, हे दर रब्बीत सांगितलं जातं. तक्ते लागतात, त्यावर आठ कलमं असतात. वाचतो कोण? पण काठीवाला कोतवाल बघून गेलेल्या तिसरीतल्या पोरानं घरी जाऊन बापाला विचारलं, "आपल्या रानात कोतवालाला बसायला जागा हाय का?" बापानं दुसऱ्या दिवशी मला थांबवून पक्षीथांब्यांचं विचारलं.

असे आपले गडी माळावर बरेच आहेत. हिवाळ्यात मध्य आशियातून हजारो किलोमीटर उडत भोवत्या ससाणा येतो आणि माळावरचे नाकतोडे खातो. खोकड उंदीर मारतं. त्यांचा पगार आपल्याला द्यावा लागत नाही. उंदरांसाठी विषाचं आमिष बेफिकिरीनं उघड्यावर टाकलं तर उंदराआधी आपला हा राखणदारच जायचा. म्हणून आमिष बिळातच घालायचं आणि मेलेले उंदीर पुरून टाकायचे. हे वाक्य मी शंभर बैठकांत सांगेन. चादर लपेटलेलं खोकड ते एका भिंतीवरून सांगेल.

आणखी एक गोष्ट. कितीतरी शाळांच्या भिंतींवर जिराफ आहे, हत्ती आहे, नारळाची झाडं आणि बर्फाचे डोंगरसुद्धा आहेत. पोरांना जिराफ ओळखता येतो, बांधावरची पखुर्डी ओळखता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये टिपेश्वरहून निघालेला वाघ येडशी-बार्शीपर्यंत आला, तर घराघरात त्याच्याच गोष्टी. वाघाची गोष्ट व्हायलाच पाहिजे. पण जे जनावर रोज आपल्या बांधावरून जातं त्याची कधीच नाही?

याचा तोटा कसा होतो बघा. माळ दिसला की आपण त्याला पडीक म्हणतो. पडीक म्हटलं की कुणी नांगर घालतो, कुणी पुण्य म्हणून दाट झाडं लावतो. गवताळ माळ म्हणजे मेलेली जमीन नव्हे. तिथं मेंढरं चरतात, गवत मिळतं, काळवीट आणि चंडोल जगतात. तिथं गिरिपुष्पाची रोपं दाटीनं लावली तर माळढोकाला आणि धाविकाला ते रान परकं होतं. पावसाळ्यात झाडं लावण्याआधी गाव एवढं तरी विचारेल, की ही जागा झाडाची आहे का गवताची. बारापैकी तीन चित्रांत त्या मुलीनं नुसतं गवतच काढलंय, सोन्यासारखं पिवळं. ते बघून एक मेंढपाळ म्हणाला, "ही आमची जागा हाय."

तेरावं चित्र

आता पहिली तक्रार, हरभऱ्याची. इथं मी शेतकऱ्याच्या बाजूनं आहे. चित्रातलं काळवीट हुरडा खाताना गोड दिसतं, रानातलं नाही. कोवळा हरभरा एका रात्रीत खुडलेला दिसला की माणसाच्या पोटात खड्डा पडतो. बारा चित्रांत जनावरं आहेत, देऊळ आहे, किल्ला आहे, धरण आहे. मालदांडीचं कणीससुद्धा आहे. पण रात्री बॅटरी घेऊन राखणीला गेलेला शेतकरी एकाही चित्रात नाही. शहरातल्या कॉलेजात हे कुणी विचारलं नसेल. गावात ते विचारलं गेलं, आणि बरं झालं. मुलीला मी तसं म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, "तेरावं काढते." तिनं ते काढावं आणि भिंतीवर ते पहिलं यावं. माचाण, बॅटरी, थंडीनं काकडणारा शेतकरी आणि बांधापलीकडं चमकणारे डोळे. यातही गंमत करता येईल, ती तिला माझ्यापेक्षा चांगली जमते.

त्या चित्राशेजारी कामाची माहितीही लिहा. वन्यप्राण्यांनी पिकाचं नुकसान केलं तर शासन भरपाई देतं, पण तीन दिवसांच्या आत वनखात्याला कळवावं लागतं. कितीतरी शेतकरी आठवड्यानं येतात, तोवर रान वखरलेलं असतं. मग पंचनामा कशाचा करायचा? नुकसान झालं की रान मोडू नका, फोटो काढा, अर्ज द्या आणि पोच घ्या. वनरक्षकाचा चालू फोन नंबर भिंतीवर रंगवून ठेवा. काळविटाचं चित्र आणि भरपाईची वाट एकाच भिंतीवर असली, की हरणं आमचा हरभरा खातात ही तक्रारही गावानं ऐकली असं होईल.

ग्रामसभेपुढं काय ठेवावं

सरपंच आणि अधिकारी मंडळींना माझी चार गोष्टींची विनंती आहे. एक, येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या आणि कुठली चित्रं कुठल्या भिंतीवर, हे लोकांनाच ठरवू द्या. दोन, रंगवायला घेण्याआधी जुन्या मेंढपाळांकडून आणि बायकांकडून नावं तपासून घ्या, आणि तीच नावं जैवविविधतेच्या वहीत चढवा. तीन, चित्रांवर हक्क मुलीचा आहे. तिला विचारल्याशिवाय ती कॅलेंडरावर, पिशवीवर किंवा चादरीवर छापू नका. आणि चार, तिला पैसे द्या. "गावचीच पोरगी, गावासाठी करंल" असं आत्ताच कुणीतरी म्हणायला लागलंय. पाटी रंगवणाऱ्या पेंटरला आपण फुटाप्रमाणं मोजून देतो. गावची लेक शिकून आली म्हणून तिचं काम फुकट कसं? बाराही परवडत नसतील तर चार भिंती रंगवा, पण दर आधी ठरवा, तो ठरावात लिहा आणि रंगाचं सामान पंचायतीनं आणून द्या.

मुलीचा निकाल लागला की ती नोकरीसाठी पुण्यात थांबेल, का आणखी कुठं जाईल, सांगता येत नाही. पावसाळ्यात भिंतीवर रंग धरत नाही. म्हणून १ मेच्या ग्रामसभेत ठराव झाला, तर मृगाच्या आत निदान शाळेची भिंत होऊन जाईल.