तासभर उशिरा उघडणारा गाळा

एखाद्या व्यापाऱ्याने पेढीला लागूनच दुसरा गाळा घ्यावा, त्यात तोच माल त्याच क्रमाने मांडावा आणि तो रोज तासभर उशिरा उघडावा, तर बाजार त्याला वेड्यात काढील. ब्रिटनमधील दूरचित्रवाणी कंपन्यांनी नेमका हाच व्यवहार केला. ‘चॅनल ४’ची ‘प्लस वन’ वाहिनी ऑगस्ट २००७ मध्ये सुरू झाली; ‘आयटीव्ही’ आणि ‘चॅनल ५’ यांनी २०११ मध्ये तोच मार्ग धरला. ‘डेव्ह’ वाहिनीने तर आपल्या या जुळ्या भावंडाला ‘डेव्ह जा व्हू’ असे मिश्कील नाव दिले.

मूळ वाहिनीचे प्रक्षेपण साठवायचे आणि साठ मिनिटांनी जाहिरातींसह पुन्हा सोडायचे, एवढेच हे तंत्र. नवा कलावंत नाही, नवी संहिता नाही. खर्च मुख्यतः प्रक्षेपणाच्या जागेचा. रात्री नऊला दोन चांगले कार्यक्रम समोरासमोर आले, तर प्रेक्षक एक तेव्हाच पाहतो, दुसरा दहाला. दुकान वाढवून उशिरा घरी पोहोचणाऱ्याचीही सोय होते. प्रतिस्पर्ध्याकडे गेलेले गिऱ्हाईक असे परत मिळते.

मात्र काही माल तासाभरात नासतो. थेट स्पर्धेतील दूरध्वनी-मतदान हा तसा माल. पडद्यावरील निवेदक ‘आता मत द्या’ म्हणत असतो. प्रत्यक्षात मतदान कधीच संपलेले असते. अशा वेळी फोन करणाऱ्याचे मत मोजले जात नाही, पैसे मात्र जाऊ शकतात. म्हणून उशिराच्या वाहिनीवर ‘कृपया फोन करू नका’ अशी पट्टी झळकते. आलेला पैसा नको म्हणणारी ही पाटी साधी सभ्यता असली, तरी तिच्यामागे धाकही आहे. दूरध्वनी-स्पर्धांतील गैरप्रकारांबद्दल (ते मूळ वाहिनीवरचे होते, हे खरे) नियामक ‘ऑफकॉम’ने मे २००८ मध्ये आयटीव्हीला ५६ लाख ७५ हजार पौंड दंड केला होता. शिळा माल ताजा म्हणून विकणाऱ्याची पत एकदा गेली, की ती दंड भरूनही परत येत नाही, हे पेढीवर बसणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

बीबीसीचे गणित निराळे. तिच्या देशांतर्गत वाहिन्यांवर जाहिराती नाहीत. त्या प्रेक्षकांच्या परवाना शुल्कावर चालतात. ‘बीबीसी वन प्लस वन’चा प्रस्ताव तिनेही मांडला, पण २०१५ मध्ये बीबीसी ट्रस्टने तो नाकारला. तोवर हवा तो कार्यक्रम हवा तेव्हा इंटरनेटवर पाहण्याची सोय तिच्याच ‘आयप्लेअर’वर होऊन आठ वर्षे होत आली होती.