सोनाराच्या मुलाचा वाघ

ब्राँझचा पुतळा भरीव असतो, अशी आमची कित्येक वर्षे समजूत होती. तो आतून पोकळ असतो. हे कळले तेव्हा आम्ही या कामाची माहिती काढू लागलो आणि पॅरिसच्या अंतोन-लुई बारी यांची ओळख झाली.

जन्म १७९५ चा, सोनाराच्या घरी. कोवळ्या वयातच धातूवर कोरीव काम करणाऱ्याकडे उमेदवारी. पुढे एका सोनाराकडे छोटी जनावरे घडवण्याचे काम मिळाले. ती खरी दिसावीत म्हणून बारी प्राणिबागेत तासन् तास बसत. जनावर मेले की मापे घेत, कातडीखालचे स्नायू तपासत. हिंदुस्थानात ते कधीच आले नाहीत. तरी १८३१ च्या सरकारी प्रदर्शनात त्यांनी गंगेतल्या सुसरीला फाडणारा वाघ मांडला आणि त्यांचे नाव झाले.

त्यांचा सर्पाशी झुंजणारा सिंह १८३५ साली ओनोरे गोनों या ओताऱ्याने मेणाच्या पद्धतीने ओतला. आत मातीसारखा गाभा, त्यावर मेणाचा थर, सगळी नक्षी मेणातच. धातू आत जायला व हवा बाहेर पडायला मेणाच्याच कांड्या जोडतात. वरून जाड लिंपण. भट्टीत मेण वाहून जाते, त्या पोकळीत तांबे-कथिलाचा हजार अंशांहून अधिक तापलेला रस ओततात. आत ओल राहिली किंवा रस मध्येच थिजला, तर मेणही गेले आणि कष्टही गेले. साधले, तर लिंपण फोडायचे, कांड्या कापायच्या, कानस-छिन्नीने अंग साफ करायचे आणि आम्लाने रंग चढवायचा.

१८३७ साली मात्र, राजपुत्राच्या जेवणाच्या मेजासाठी बारी यांनी केलेली शिकारदृश्ये परीक्षकांनी परत पाठवली. का, तर हे सोनारकाम, कला नव्हे! अहो, हात सोनाराचा होता म्हणूनच आयाळ तशी उतरली; पण परीक्षकांना ते कोण सांगणार?

मग बारी यांनी स्वतःच लहान ब्राँझमूर्ती ओतून विकायला काढल्या. कामात चोख, हिशेबात कच्चे. १८४८ साली दिवाळे निघाले आणि मूर्तींचे नमुने सावकाराकडे गेले. नमुना ज्याच्या हाती, मूर्ती ओतण्याचा हक्क त्याचा. ते परत मिळायला १८५७ साल उजाडले.

मधल्या काळात, १८५४ मध्ये, त्याच प्राणिबागेच्या संस्थेत त्यांना प्राण्यांचे रेखाटन शिकवायची नोकरी मिळाली. तिथे त्यांच्यासमोर बसलेल्या पोरांत एक रोदँ होता.