आधी रूळ की आधी कारखाने?

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची गाडी १४ जून १८५८ रोजी खंडाळा-पुणे मार्गावर धावली, तेव्हा पिंपरी आणि चिंचवड ही नदीकाठची गावे होती. मुंबईचा लोहमार्ग खोपोलीपाशी अडला होता. मधला बोरघाट प्रवासी पालखीत वा तट्टावर बसून ओलांडत. घाटाचे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात येताच वारले आणि काम त्यांच्या पत्नी अ‍ॅलिस यांनी तडीस नेले. पंचवीस बोगदे, सदतीस फुटांमागे एक फूट चढ आणि ऐन भरात चाळीस हजारांवर मजूर. पटकीने त्यातील किती गेले, याची नीट नोंदही कोणी ठेवली नाही. एप्रिल १८६३ मध्ये घाट खुला झाला.

इंग्लंडमधील लिव्हरपूल-मँचेस्टर मार्ग (१८३०) तिथल्या व्यापाऱ्यांनी स्वतःच्या मालासाठी उभारला. गिरण्या आधी, रूळ नंतर. आपल्याकडे क्रम उलटा होता. दख्खनचा कापूस बंदरावर न्यायचा आणि लष्कर हलवायचे, हा उद्देश; कंपनीच्या भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी, तीही हिंदुस्थानच्या तिजोरीतून. कारखाने शतकाने आले. पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, १९६२ नंतर एमआयडीसी, पुढे टेल्को आणि बजाज. पुणे-लोणावळा लोकल १९७८ मध्ये सुरू झाली आणि कामगारांना हा मार्ग खऱ्या अर्थाने आपला वाटू लागला.

चाकणला तेवढेही भाग्य लाभले नाही. तेथे मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले, पण रूळ नाहीत. जवळचे स्थानक तळेगाव. मोटारी रेल्वेने पाठवायच्या तरी आधी ट्रेलरवर चढवून चिंचवडला आणाव्या लागतात. कामगार कंपनीच्या बसमध्ये, नाशिक रस्त्यावरील कोंडीत.

या दुखण्यावर उतारा म्हणून चाकण, नारायणगाव, संगमनेरमार्गे सुमारे २३५ किलोमीटरचा पुणे-नाशिक मार्ग आखला गेला. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीला त्याचा अडथळा होईल, असा आक्षेप आला आणि केंद्राने तो आराखडा बाजूला ठेवून शिर्डीमार्गे पर्याय पुढे केला. दोष खगोलशास्त्रज्ञांना देण्यात अर्थ नाही. तीस तबकड्यांची ही दुर्बीण १९९०च्या दशकापासून तेथे आहे. ती आखणी करणाऱ्यांना दिसली नसेल, हे पटणारे नाही. तोवर जुन्या मार्गावरच्या काही गावांत भूसंपादनही झाले होते. त्या जमिनींचे पुढे काय, हा प्रश्न खेड तालुक्यातील शेतकरी विचारत आहेत.