सातव्या लेण्याच्या शेजारी

पुण्याहून निघालेले कुटुंब पेठ, मंचर, नारायणगाव करीत जुन्नर गाठते, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढते, गिरिजात्मजाला नमस्कार करते आणि तसेच खाली उतरते. उतरताना एखादे चिरंजीव विचारतातच, “बाबा, हे कुणी खोदले?” तीर्थरूप म्हणतात, “पांडवांनी!” दगडात जे जे कोरलेले ते ते पांडवांच्या खाती जमा करण्याची आपली जुनी वहिवाट आहे.

वस्तुतः गणपतीचे ते दालन म्हणजे बौद्ध भिक्षूंचा मठ. लेणे क्रमांक ७. मध्ये एकही खांब नाही. दोन्ही बाजूंस सात-सात आणि मागे सहा, अशा २० खोल्या. मागच्या मधल्या दोन खोल्यांमधली भिंत पुढे कोणीतरी काढली आणि तिथे गजानन विराजमान झाले.

ह्या मठाचे देऊळ शेजारीच आहे. सहावे लेणे, चैत्यगृह. आत खडकातूनच घडविलेला स्तूप, खांबांच्या माथ्यावर हत्ती-वाघ, आणि वर लाकडी घराच्या वाशांची नक्कल करणारे दगडी वासे. बुद्धाची मूर्ती नाही. स्तूप हेच दैवत. दर्शनी भिंतीवरचा लेख सांगतो की, कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त ह्याने हे चैत्यघर दान दिले. कल्याण बंदराचा पैसा नाणेघाट चढून इथवर येई, तो असा! जुन्नरच्या इतर लेखांत कासार, बुरूड, धान्याचे व्यापारी ह्यांच्या श्रेणी भेटतात. त्यांच्याकडे ठेव ठेवून व्याजावर मठाचा खर्च चाले. यवन दात्यांची नावे आहेत. मानमोडीवर तर नहपान क्षत्रपाचा अमात्य अयम ४६व्या वर्षी पाण्याची पोढी आणि मंडप देतो. पोढी म्हणजे टाके. डोंगरावर राहणाऱ्याला आधी पाणी हवे, मग तत्त्वज्ञान.

वर्गात जुनी मराठी काढली की मुले जांभया देतात. पण ‘लेण’ आणि ‘घर’ हे शब्द सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या कातळावर कोरलेले आहेत असे सांगितले, की मागचा बाकही मान वर करतो. आजी म्हणते तेच ‘घर’, सुलसदत्तानेही तेच कोरविले.

हल्ली ‘हे मुळात आमचे’ असा वाद घरोघरी जेवणाच्या पानावरही रंगतो. मला त्यात एवढेच दिसते की, गणपती आल्यामुळे सातव्या लेण्यात दिवा लागत राहिला, माणसांचे पाय वळत राहिले. पण म्हणून भिक्षूंचे नाव पुसून तिथे पांडवांचे लिहिण्याचे काही कारण नव्हते. मुलाने सरळ प्रश्न विचारला होता, त्याला सरळ उत्तर मिळायला हवे होते. गणपतीचा मान त्याने कमी होत नाही.

तेव्हा दर्शन झाल्यावर चार पावले शेजारी जावे. उन्हातून आत शिरल्यावर डोळे निवू द्यावेत, मग स्तूप दिसू लागतो. पुरातत्त्व खात्याचे तिकीट काढलेलेच असते. त्यात सहावे लेणेही येते.