निवड कोणाची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की मध्यमवर्गीय घरांतून एक संवाद हमखास ऐकू येतो. ‘तुला हवे ते कर’, असे आई-वडील म्हणतात. आणि मुलगा नात्यातल्या, शेजारातल्या मुलांनी धरलेलीच वाट धरतो. मग ही निवड त्याची, की त्याच्याकडून करवून घेतलेली? प्रश्न घरगुती वाटला, तरी तत्त्वज्ञानातील एका जुन्या वादाचेच ते रूप आहे.

एक पक्ष म्हणतो, माणूस ही परिस्थितीची निर्मिती. वर्ग, जात आणि कुटुंब त्याचे पाऊल आधीच ठरवून ठेवतात. दुसऱ्याच्या मते व्यक्ती सर्वस्वी स्वतंत्र आहे आणि समाज हा तिच्या वाटेतील अडसर. या दोन्ही टोकांची परीक्षा घ्यायची तर खानदेशातील अमळनेरकडे पाहावे.

श्रीमंत प्रताप शेठ यांनी १९१६ साली येथे तत्त्वज्ञान मंदिर उभारले. तेथे अभ्यासासाठी आलेले साने गुरुजी १९२४ मध्ये गावातील शाळेत शिक्षक झाले. छात्रालयातील मुलांची त्यांनी आईच्या मायेने काळजी घेतली. एका दानशूर उद्योजकाने तत्त्वज्ञानाचे दालन उघडले नसते, तर कोकणातल्या पालगडचा हा तरुण बहुधा अमळनेरला आलाही नसता. निवडीसाठी आधी पर्याय असावे लागतात आणि ते समाजच निर्माण करतो. निखळ व्यक्तिवाद्यांना याचा विसर पडतो.

परंतु १९३० साली गुरुजींनी नोकरी सोडून सविनय कायदेभंगाच्या लढ्यात उडी घेतली. लढ्याची हाक त्या काळच्या प्रत्येक शिक्षकाच्या कानी पडली होती. परिस्थिती समान, प्रतिसाद मात्र निराळे. माणूस परिस्थितीचे बाहुलेच असता, तर हा फरक पडलाच नसता.

पुढे मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून गुरुजींनी उपोषण केले आणि अखेर मंदिराचे दार उघडले. ज्या समाजाने त्यांना विठ्ठल दिला, त्याच समाजाने ते दार बंद ठेवले होते. गुरुजींनी समाजाचीच भक्ती प्रमाण मानली आणि तिच्या कसोटीवर समाजाची रूढी चूक ठरवली. संस्कार आणि स्वातंत्र्य यांचे खरे नाते येथे दिसते. संस्कार माणसाच्या हाती कसोटी देतात. ती कोठे लावायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते.

गीतेतही श्रीकृष्ण सारे ज्ञान सांगून झाल्यावर निर्णय अर्जुनावरच सोपवतो. आज्ञा देण्याचा अधिकार असूनही तो त्याला विचार करायला सांगतो. ही परंपरा अभिमानाने मिरवणाऱ्या कुटुंबांनी आणि संघटनांनी स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे: आपल्या घरात, आपल्या बैठकीत ‘नाही’ म्हणणाऱ्या तरुणाला जागा आहे काय? शाखेची निवड असो वा विवाहाची, मुलीचा नकार आपण शांतपणे ऐकतो काय?

ज्याला नकाराची मुभा नाही, त्याच्या होकाराला मोल नसते. भीतीपोटी मान डोलावणारे अनुयायी संख्येने कितीही असले, तरी संकटाच्या वेळी पाठ फिरवतात. विचारपूर्वक आलेला एकच पाय रोवून उभा राहतो. म्हणून मुलांना भरभरून संस्कार द्यावेत, चांगले पर्याय द्यावेत आणि निर्णयाची वेळ आली की त्यांचा हात सोडण्याचे धैर्यही दाखवावे.