फक्त एक लिहा

२०२४ च्या विधानसभेचा निकाल लागला त्या आठवड्यात आमच्या कट्ट्यावर एकच हिशेब चालू होता. शरद पवारांच्या राष्ट्रवादीला राज्यात सुमारे ११ टक्के मतं, जागा १०. अजित पवारांच्या राष्ट्रवादीला सुमारे ९ टक्के, जागा ४१. एक मित्र चहाचा ग्लास आपटून म्हणाला, ही पद्धतच बदला, जेवढी मतं तेवढ्या जागा द्या. मी त्याला सहा महिने मागं नेलं. लोकसभेला राज्यात भाजपला २६ टक्के मतं होती आणि जागा ९. काँग्रेसला १७ टक्क्यांच्या आसपास आणि जागा १३. तेव्हा हा गप्प होता, दुसरेच ओरडत होते. (कोण किती जागा लढलं, कुणाची कुणाशी युती होती, हे धरायलाच हवं, मान्य. तरी आकडे खटकतातच.)

तर प्रमाणशीर प्रतिनिधित्व. मी तत्त्वतः त्याच्या बाजूचा आहे. पण कट्ट्यावर मी एक प्रश्न विचारला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आपल्याच गावात, आपल्याच शाळेच्या खोलीत दर सहा वर्षांनी कागदोपत्री प्रमाणशीर पद्धतीनंच मतदान होतं, तिथं तुमच्यापैकी किती जण जाता?

विधान परिषदेचा पदवीधर मतदारसंघ. राज्यघटनेच्या १७१ व्या कलमात चक्क लिहिलंय, प्रमाणशीर प्रतिनिधित्व, एकल संक्रमणीय मत. म्हणजे मशीन नाही, बटण नाही. छापील मतपत्रिका असते आणि केंद्रावर दिलेल्या जांभळ्या पेननं नावांपुढं १, २, ३ असे पसंतीचे आकडे टाकायचे. तुमचा पहिला माणूस बाद झाला तर मत दुसऱ्याकडे सरकतं. मत वाया जात नाही, असं पुस्तकात लिहिलेलं असतं.

माझं पत्रकारितेचं शिक्षण डिप्लोमाचं, पण त्याआधी बी.ए. झालंय, म्हणून मी या यादीत बसतो. एका निवडणुकीत केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेल्या ओळखीच्या कार्यकर्त्यानं सांगितलं, "दादा, फक्त एक लिहा. दोन लिहिलं की आपला माणूस पडतो." हे साफ खोटं आहे. तुमचा पहिला उमेदवार रिंगणात आहे तोवर दुसऱ्या पसंतीला कुणी हातही लावत नाही. मला हे माहीत होतं. तरी आत जाऊन मी फक्त १ लिहिला आणि बाहेर आलो. का, ते आजही सांगता येणार नाही. इतकी वर्षं निवडणुका कव्हर करणारा माणूस मी.

मतमोजणीला बातमीदार म्हणून मीच होतो. वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त हा कोटा. पहिल्या फेरीत कुणालाच मिळाला नाही. मग तळाचे एकेक बाद होत गेले, त्यांचे गठ्ठे उघडले जात होते आणि पत्रिकेमागून पत्रिका एका बाजूला पडत होती, कारण पुढं आकडाच नाही. माझा उमेदवार मध्यरात्रीनंतर बाद झाला. माझी पत्रिकाही त्याच ढिगात गेली असणार. शेवटी कोण निवडून येणार हे ठरत होतं तेव्हा मी खोलीत होतो, माझं मत नव्हतं.

अवैध मतांचा ढीग वेगळाच. कुणी बरोबरची खूण केलेली. कुणी अक्षरात "एक" लिहिलेलं. कुणी दोघांपुढं १. कुणी सही ठोकून दिलेली. हे सगळे पदवीधर बरं का.

आता गंमत बघा. दुसऱ्या पसंतीची किंमत आमदारांना चांगली कळते. जून २०२२ ची राज्यसभा आठवा. सहा जागा, सात उमेदवार. सहाव्या जागेवर पहिल्या पसंतीत मागं असलेले धनंजय महाडिक दुसऱ्या पसंतीच्या मतांवर निवडून आले आणि शिवसेनेचे संजय पवार पडले. आमदारांनी कुणापुढं कितवा आकडा टाकायचा, हे सगळं गणित करून ठरवलेलं असतं. तेच पक्ष आपल्या दारात येऊन सांगतात, फक्त एक लिहा.

आणि खरं सांगायचं तर पदवीधरची पद्धत नावालाच प्रमाणशीर आहे. जागा एकच असेल तर प्रमाण कशाचं काढणार? एक जण जिंकतो, बाकी घरी जातात. प्रमाण साधायचं तर एका मतदारसंघात अनेक जागा हव्यात किंवा पक्षांच्या याद्या हव्यात.

न्यूझीलंडनं ते केलं. तिथंही आपल्यासारखीच पद्धत होती. १९८१ मध्ये सोशल क्रेडिट या पक्षाला २० टक्क्यांहून जास्त मतं पडली आणि ९२ पैकी २ जागा मिळाल्या. लोक वैतागले, १९९३ मध्ये सार्वमत घेऊन पद्धत बदलली, १९९६ पासून एक मत उमेदवाराला आणि एक पक्षाला. पहिल्या खेपेला नोंदणीकृत मतदारांपैकी ८८ टक्के आले. २०११ मध्ये ७४ टक्के. पद्धत तीच होती, शिवाय त्याच वर्षी पुन्हा सार्वमत झालं आणि लोकांनी ती ठेवलीही. म्हणजे पद्धत आवडते, पण तेवढ्यानं माणूस घराबाहेर पडेलच असं नाही. १९९६ लाच तिथं न्यूझीलंड फर्स्टला ज्यांनी सरकार बदलायला मत दिलं, त्यांनी दोन महिने वाटाघाटी बघितल्या आणि शेवटी तो पक्ष जुन्याच सत्ताधाऱ्यांबरोबर बसला. महाराष्ट्रात आणखी काय समजावून सांगायचं.

पण आपल्याकडचं दुखणं त्याच्याही आधी सुरू होतं. पदवीधरची यादी दर वेळी नव्यानं बनते. मागच्या वेळी नाव होतं म्हणून या वेळी असेल असं नाही. १ नोव्हेंबर ही पात्रतेची तारीख, तिच्या आधी पदवी घेऊन तीन वर्षं झालेली हवीत, आणि १८ नंबरचा फॉर्म पुन्हा भरायचा. निकालानंतर पेपरात टक्केवारी छापून येते ती फॉर्म भरलेल्यांची. तालुक्यातल्या एकूण पदवीधरांत ते किती, हे कुणी मोजत नाही, आम्हीही छापत नाही. फॉर्म घरोघर पोचवतो कोण? इच्छुक उमेदवाराची माणसं. ज्याच्या शिक्षणसंस्था आहेत, त्याची निम्मी लढाई तिथंच होते. मतदार उमेदवार निवडण्याआधी उमेदवारानं मतदार निवडलेले असतात. माझं तर मत आहे की ही यादी लोकसभेच्या यादीसारखी कायमची करा, मग प्रमाणशीर पद्धतीच्या गप्पा मारू.

२०२० मध्ये पुणे, नागपूर आणि औरंगाबाद पदवीधरचं मतदान झालं होतं. सहा वर्षांची ती मुदत २०२६ च्या डिसेंबरात संपते.

परवा मी माझं बी.ए.चं प्रमाणपत्र शोधायला बसलो. दोन दिवसांनी सापडलं, बायकोच्या साड्यांच्या कपाटात, वर्तमानपत्राच्या घडीखाली. त्याच्याच खाली तिचं बी.कॉम.चं होतं. लग्नाला अठरा वर्षं झाली. तिचा फॉर्म एकदाही भरलेला नाही. कुणी विचारलंच नाही म्हणाली. त्या "कुणी"त मी पण आलो. दोन्ही प्रमाणपत्रांची झेरॉक्स काढून आणलीय.