चर्च चौकातील वास्तू

पणजीच्या बाजारातून चर्च चौकात येणाऱ्या माणसाची नजर आपोआप वर जाते. आल्तिनोच्या पायथ्याला, उतारावर बसविलेली ती शुभ्र इमारत आणि तिच्यापुढे दोन्ही अंगांनी वळणे घेत चढणाऱ्या पायऱ्या हाच या शहराचा चेहरा होऊन बसला आहे. असे असूनही त्या पायऱ्या चढून आत गेलेले आमचे हिंदू वाचक थोडेच असतील. 8 डिसेंबरच्या फेस्ताला फेरीत हिंडावे, खाजे विकत घ्यावे आणि पायऱ्यांपाशीच मागे फिरावे, एवढाच पुष्कळांचा या वास्तूशी संबंध.

या दुराव्याला कारण आहे आणि ते झाकून ठेवण्यात शहाणपण नाही. 1540 साली तिसवाडीतील देवळे पाडली गेली आणि 1541 च्या सुमारास या टेकडीवर पहिले कपेल उभे राहिले. देव पाठीशी बांधून माणसे नदीपलीकडे गेली. येथून हाकेच्या अंतरावरील महालक्ष्मीचे देऊळ उभारण्याची परवानगी मिळावयास 1818 च्या सुमारापर्यंत, म्हणजे जवळजवळ तीन शतके, थांबावे लागले. हे विसरा, असे सांगणाऱ्यांत आम्ही नाही.

तथापि आज आपण पाहतो ती इमारत 1541 ची नव्हे. ती 1619 मध्ये नव्याने बांधली गेली, आणि पुढेही तिच्यात भर पडत राहिली. लिस्बनहून आलेले खलाशी मांडवीच्या मुखातून आत शिरले की प्रवास सुखरूप पार पडल्याबद्दल प्रथम येथे आभार मानीत, अशी परंपरा सांगतात. त्या काळी पणजी हे खाडीकाठचे लहानसे गाव होते. वैभव सारे जुन्या गोव्याकडे होते. पुढे रोगराईने ते शहर ओस पडत गेले, 1759 मध्ये व्हाइसरॉयने आपले बिऱ्हाड पणजीच्या आदिलशाही वाड्यात हलविले आणि 1843 मध्ये पणजी रीतसर राजधानी झाली. मेलेल्या शहराची चीजवस्त मग या नव्या शहराच्या वाट्याला आली.

चर्चच्या माथ्यावरील घंटा ही त्यातलीच. ती मूळची जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन मठाची. 1835 मध्ये धर्मसंघ बरखास्त झाले, मठ बेवारस पडला आणि 1842 मध्ये त्याच्या चर्चची कमान कोसळली. घंटा तेथून निघाली, काही काळ आग्वादला राहिली आणि 1871 मध्ये पणजीला आली. से कॅथेड्रलच्या घंटेखालोखाल गोव्यात हीच मोठी. तिला पेलण्यासाठी दर्शनी भिंतीचा मधला भाग उंच चढविण्यात आला. आज जो माथा आपल्याला मुळापासूनचा वाटतो, तो असा पाहुण्या घंटेसाठी घडला. ज्या पायऱ्यांचे इतके कौतुक होते, त्याही एकोणिसाव्या शतकातल्याच. आत दक्षिणेकडील सेंट फ्रान्सिस झेवियरच्या कपेलातील वेदीची नक्षीदार पाठ आदिलशाही वाड्यातील कपेलातून 1918 मध्ये आणलेली आहे. आदिलशहाचा वाडा, ऑगस्टिनियनांची घंटा आणि गोव्याच्या मातीतले चिरे, एवढे सारे एका छपराखाली आले असता तिला केवळ परक्यांची वास्तू कसे म्हणावे?

जुन्या गोव्यातील चर्चे व मठ 1986 मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. पणजीचे हे चर्च त्या यादीत नाही. त्यामुळे त्याची काळजी घेण्याचा भार बव्हंशी भाविकांवर आणि शहरावर येतो. येथील चिरा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी पितो आणि चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू बाहेर टाकतो. अशा भिंतीवर सिमेंट थापले म्हणजे ओल आत कोंडते व चिरा पिठासारखा झडू लागतो. गोव्यातील कित्येक जुन्या घरांची आणि देवळांची (होय, देवळांचीही) अशी नासाडी आम्ही पाहिली आहे. हौसेने घातलेल्या सिमेंट-फरशीपायी आपण आपल्याच दीपमाळा गमावीत असता इतरांना उपदेश करण्याचा अधिकार आम्ही सांगत नाही. परंतु चुना मळणारे हात टिकविण्याची गरज देवळाला आणि चर्चला सारखीच आहे, आणि त्यासाठी दोहोंच्या व्यवस्थापकांनी एकत्र बसावयास हरकत नसावी.

महापालिकेकडे आमचे मागणे साधे आहे. चौकातून चर्चकडे जाणारी दृष्टी जाहिरातींच्या फलकांनी आणि उभ्या वाहनांनी अडवू नये. पायऱ्यांखालचे धारक बांध दर पावसाळ्याआधी तपासले जावेत. आणि चौकात या वास्तूची माहिती देणारा एक फलक मराठी व कोंकणीतून लावावा; त्यावर 1541 आणि 1871 यांच्याबरोबर 1540 व 1818 ही सालेही असावीत.